कॅलिफोर्निया रोल नक्की कुणाचा? लॉस एंजेलिसचा की व्हँकुव्हरचा?

निवळशंख

कॅलिफोर्निया रोल या सुशीवर (सुशी म्हणजे व्हिनेगर घातलेल्या भाताचा जपानी पदार्थ) दोन शहरं हक्क सांगतात, आणि त्यातलं एक कॅलिफोर्नियात सोडाच, अमेरिकेतही नाही. कुणी लॉस एंजेलिस म्हणतं, कुणी कॅनडातलं व्हँकुव्हर. नेटवर बहुतेक ठिकाणी एकच नाव ठोकून दिलेलं असतं, आणि लिहिणारा कुठे राहतो त्यावर ते नाव ठरतं. इथे सुशीच्या पाककृतींचे धागे आहेत, पण या वादावर काही दिसलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. कच्च्या माशाला नाक मुरडणाऱ्या अमेरिकेला ज्या पदार्थाने सुशीच्या काउंटरपाशी आणून बसवलं, तो कुणाच्या हातचा हे नीट नोंदलं जावं असं मला मनापासून वाटतं.

ज्यांनी खाल्ला नसेल त्यांच्यासाठी: मध्ये अवोकाडो, खेकडा (हल्ली बहुतेक ठिकाणी नकली) आणि काकडी, त्याभोवती नोरी म्हणजे समुद्री शेवाळाचा पापुद्रा, आणि भात बाहेरच्या बाजूला. भातावर तीळ किंवा उडत्या माशाची बारीक केशरी अंडी.

लॉस एंजेलिसची हकीकत अशी. तिथल्या लिटल टोकियो वस्तीतली जपानी कुटुंबं १९४२ मध्ये सरकारने उचलून छावण्यांत नेऊन टाकली. युद्धानंतर वस्ती हळूहळू परत भरली, आणि १९६० च्या दशकात जपानी कंपन्यांची कार्यालयं शहरात आल्यावर तिथे पगारदार, खर्च करू शकणारं जपानी गिऱ्हाईक तयार झालं. त्यांच्यासाठी कावाफुकु रेस्टॉरंटात सुशीचा काउंटर सुरू झाला. अमेरिकेतला पहिला सुशी बार म्हणून साधारण त्याचंच नाव घेतात. त्याच वस्तीत तोक्यो काइकान हे मोठं रेस्टॉरंट होतं. तिथले सुशी आचारी इचिरो माशिता. तोरो, म्हणजे ट्यूना माशाच्या पोटाचा चरबीदार भाग, तिथे बारमाही मिळत नसे. जिभेवर विरघळणारं तसं दुसरं काय, या शोधात माशितांनी अवोकाडो उचलला, त्याच्या जोडीला किंग क्रॅबच्या नांगीचं मांस घातलं आणि रोल वळला. या कामात तेरुओ इमाइझुमी नावाचे त्यांचे सहायक सोबत होते असंही सांगतात, पण इमाइझुमींचं नाव बहुतेक लेखांतून गायबच असतं. ते मला खटकतं.

व्हँकुव्हरचे दावेदार हिदेकाझु तोजो. १९७१ मध्ये जपानहून तिथे गेले आणि १९८८ मध्ये त्यांनी स्वतःच्या नावाचं रेस्टॉरंट काढलं. त्यांचं म्हणणं, तिथल्या गोऱ्या गिऱ्हाइकांना नोरी नको असायची आणि कच्चा मासाही. म्हणून १९७० च्या दशकात त्यांनी नोरी आत लपवून भात बाहेर घेतला आणि आत शिजवलेला खेकडा, अवोकाडो वगैरे घातलं. लॉस एंजेलिसहून येणाऱ्या पाहुण्यांना तो फार आवडला, त्यावरून कॅलिफोर्नियाचं नाव पडलं.

आता गंमत बघा. छापील मजकुरात 'कॅलिफोर्निया रोल' हे नाव अगदी सुरुवातीला सापडतं ते २५ नोव्हेंबर १९७९ च्या 'लॉस एंजेलिस टाइम्स'मध्ये आणि त्याच दिवशीच्या फ्लोरिडातल्या एका वर्तमानपत्रात. त्यानंतर महिनाभराच्या आत असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने बातमी दिली, आणि तिच्यात श्रेय दिलं तिसऱ्याच माणसाला: हॉलिवूडजवळच्या किन जो रेस्टॉरंटचे आचारी केन सेउसा.

माझा कौल तोक्यो काइकानकडे आहे. मतं वाचायला आवडतील.


उत्तरवारा

छान धागा. पण व्हँकुव्हरात राहत असल्यामुळे तोजोंची बाजू मांडणं माझं काम आहे.

तुम्ही खेकडा आणि अवोकाडोवर सगळा भर दिलाय. मला विचाराल तर या रोलची ओळख त्याच्या उलट्या वळणीत आहे. खेकडा-अवोकाडो नोरीत गुंडाळून दिला असता तर तो चार रोलांतला एक झाला असता. भात बाहेर आला, काळा कागद दिसेनासा झाला, म्हणून तो उत्तर अमेरिकेत सगळीकडे पोचला. आणि तोजो नेमकं तेच सांगतात. जपानी रीत मोडतोय याची त्यांना पूर्ण कल्पना होती आणि गिऱ्हाइकासाठी त्यांनी ती मोडली. इथल्या समुद्रात डंजनेस खेकडा मुबलक मिळतो, तेव्हा शिजवलेला खेकडा वापरणं इथल्या आचाऱ्याला सहज सुचण्यासारखं आहे.

शिवाय २०१६ मध्ये जपानच्या कृषी, वन व मत्स्य मंत्रालयाने तोजोंना जपानी खाद्यसंस्कृतीचे सदिच्छा दूत नेमलं. असा मान ते सरकार उगाच देत नाही.


हिशेबनीस

दोघांचंही वाचलं. माझं म्हणणं असं की आपण एकाच प्रश्नाला तीन उत्तरं देत नाही आहोत, तीन प्रश्नांना एकच उत्तर शोधतो आहोत. सारण कुणी ठरवलं? भात बाहेर कुणी काढला? आणि नाव कुणी ठेवलं? ही तीन कामं तीन वेगळ्या माणसांनी, वेगळ्या वर्षी केलेली असू शकतात.

पुराव्याचं म्हणाल तर:

तोजोंचं कथन त्यांचं स्वतःचं आहे आणि घटनेनंतर कित्येक वर्षांनी सांगितलेलं आहे. माशितांची हकीकतही नंतरच लिहिली गेली, इतकी नंतर की इंग्रजी पुस्तकांत त्यांचं आडनावसुद्धा एकसारखं नाही, कुठे माशिता तर कुठे मनाशिता. त्या काळातला छापील कागद फक्त १९७९ चा, आणि तो या दोघांनाही सोडून सेउसांचं नाव घेतो. पण ती माहिती बातमीदाराला दिली कुणी? किन जो रेस्टॉरंटच्याच व्यवस्थापिकेने. म्हणजे साक्षीदार घरचाच. तरीही तो दावा वीस वर्षांहून जास्त काळ कुणी खोडला नाही.

उत्तरवारा, सदिच्छा दूत नेमणं हा तोजोंच्या एकूण कामाचा मान आहे. मंत्रालयाने कागद तपासून जन्मदाखला दिला असा त्याचा अर्थ काढता येणार नाही.

आपल्याकडे बटर चिकनचं बघा ना. मोती महल आणि दर्यागंज या दोन रेस्टॉरंटांचा वाद २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात पोचला. फाळणीनंतर दिल्लीत एकाच धंद्यात भागीदार असलेल्या दोन कुंदनलालांपैकी, गुजराल की जग्गी, तो पदार्थ कुणाचा? तिथेही दोन्ही बाजूंकडे घराण्याच्या आठवणी आहेत. एका स्वयंपाकघरात उभे राहणारे दोघं जण असले की एकाचं नाव काढणं अवघड होतं, आणि माशिता-इमाइझुमींच्या बाबतीत हेच आहे.


साधाभात

मी जपानमध्ये कामानिमित्त राहिलेलो आहे आणि माझं मत रोखठोक आहे. हा रोल कुणाचाही असो, सुशी नव्हे. चांगल्या काउंटरवर आचारी समोर उभा राहून भाताची मूद वळतो, त्यावर मासा ठेवतो, नुसता सोया सॉसचा हात फिरवतो. त्या साधेपणाशी अवोकाडो-मेयोनेझचं काहीही नातं नाही. त्यामुळे श्रेयाच्या भांडणापेक्षा त्याला जपानी म्हणणंच बंद करावं.


निवळशंख

@साधाभात, तुमच्या भावनेचा आदर आहे, पण ही रेघ इतक्या ठामपणे ओढता येत नाही.

तुम्ही वर्णन केलेली निगिरी सुशी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, रस्त्यावरचं झटपट खाणं म्हणून रुजली. हानाया योहेई यांचं नाव तिच्याशी जोडतात, आणि तेही वादातीत नाही. त्याआधीची सुशी म्हणजे भातात महिनोन्महिने आंबवलेला मासा, ज्यातला भात बहुधा टाकूनच देत. ती खाणाऱ्या माणसाला निगिरीसुद्धा उथळ वाटली असेल. आणि तोरो, ज्याच्या जागी अवोकाडो आला, त्या तोरोला एदोच्या काळात किंमतच नव्हती. चरबीमुळे तो लवकर खराब व्हायचा म्हणून टाकून देत. त्याचे लाड सुरू झाले दुसऱ्या महायुद्धानंतर.

मेयोनेझचं म्हणाल तर क्यूशू बेटावरच्या मियाझाकी शहरात इप्पेई नावाच्या सुशीच्या दुकानात १९६६ पासून लेट्यूस, कोळंबी आणि मेयोनेझ घातलेला रोल मिळतो. तिथले लोक त्याला अभिमानाने आपल्या गावचा पदार्थ म्हणतात. म्हणजे पॅसिफिकच्या दोन्ही काठांवर आचारी त्याच काळात हेच करून बघत होते.

तुमच्यासारखंच मत जपानी सरकारनेही एकदा धरलं होतं. २००६ मध्ये कृषिमंत्री तोशिकात्सु मात्सुओका अमेरिकेत कोलोराडोला गेले असताना एका 'जपानी' रेस्टॉरंटात सुशीशेजारी कोरियन बार्बेक्यू दिसलं. परत आल्यावर त्यांनी परदेशातल्या जपानी रेस्टॉरंटांना अस्सलपणाचा शिक्का देण्याची योजना पुढे आणली. अमेरिकी वर्तमानपत्रांनी 'सुशी पोलीस' म्हणून तिच्यावर इतकी टीका केली की ती बारगळली. आणि दहा वर्षांनी त्याच मंत्रालयाने नोरी लपवल्याचं अभिमानाने सांगणाऱ्या तोजोंना दूत नेमलं. माझ्या मते मंत्रालय दुसऱ्या वेळी बरोबर वागलं.


शेवग्याचीशेंग

एक व्यावहारिक प्रश्न. मी शाकाहारी आहे. टीमसोबत जेवायला गेलं की सगळे सांगतात 'कॅलिफोर्निया रोल घे, त्यात खरा खेकडा नसतो'. मग चालेल का?


मिरकरवाडा

@शेवग्याचीशेंग, अजिबात नाही! खरा खेकडा नसतो, पण मासा असतो. हा माझ्या गावचाच विषय आहे, त्यामुळे जरा लांबण लावतो.

त्या लाल-पांढऱ्या कांड्या सुरिमीच्या असतात. पांढऱ्या मांसाचा मासा घ्यायचा, काटे-कातडं काढून खिमा करायचा आणि तो थंड पाण्यात पुन्हा पुन्हा धुवायचा. रक्त, चरबी आणि वास निघून जातो, उरतं ते बेचव, चिवट प्रथिन. त्यात थोडी साखर मिसळून गोठवतात, म्हणजे बर्फात प्रथिनाची पकड सुटत नाही. पुढे कांड्या करताना पीठ, अंड्याचा पांढरा भाग, मीठ, खेकड्याच्या चवीचा अर्क असं सगळं घालून त्याची पातळ चादर वाफवतात, तिच्यावर बारीक चिरा पाडतात आणि गुंडाळतात. त्या चिरांमुळेच कांडी मोडली की खेकड्याच्या मांसासारखे धागे सुटतात. रंग फक्त बाहेरून. तेव्हा मासा, अंडं आणि बहुधा गहू हे तिन्ही आलं. ज्यांना गव्हाची ॲलर्जी आहे त्यांनीही सांभाळा. सरळ अवोकाडो-काकडीचा रोल मागा.

अमेरिकेत यासाठी मुख्यतः अलास्का पोलॉक वापरतात. आपल्याकडे राणी मासा. इंग्रजीत पिंक पर्च म्हणतात तोच, जपानी इतोयोरीचा भाऊबंद. बाजारात राणीला सुरमई-पापलेटसारखा मान नाही, पण सुरिमीसाठी तो उत्तम. रत्नागिरीची गद्रे मरीन ही कंपनी याच माशाची सुरिमी करून परदेशी पाठवते आणि खेकड्याच्या चवीच्या कांड्याही बनवते. त्यामुळे 'आपला काय संबंध' असं कुणी म्हणालं तर सांगा, मिरकरवाड्याच्या धक्क्यावर उतरणाऱ्या माशाची जात थेट या रोलशी जोडलेली आहे.

आता मूळ वादाबद्दल. ही नकली खेकड्याची कांडी जपानात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला आली. इशिकावा प्रांतातल्या सुगियो कंपनीने १९७२ मध्ये पहिल्यांदा असा पदार्थ विकायला काढला. ते खरं तर नकली जेलीफिश करायच्या प्रयत्नात होते. ती जमली नाही, पण बारीक कापल्यावर पोत खेकड्यासारखा लागला. हिरोशिमाच्या ओसाकी सुइसानने नंतर कांडीचा आकार आणला, आणि खरा जनक कोण यावर तिथेही दोन मतं आहेतच.

मुद्दा असा: जर कुणी सांगू लागला की १९६० च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये नकली खेकडा घालून रोल वळला, तर ते कालक्रमात बसत नाही. माशितांच्या हकिकतीत गोठवलेल्या किंग क्रॅबची नांगी येते, नकली कांडी येत नाही. हा तपशील नंतर रचलेल्या गोष्टीत सहज चुकला असता. तो बरोबर आहे, म्हणून मला ती हकीकत जास्त विश्वासाची वाटते.


हिशेबनीस

@मिरकरवाडा, उत्कृष्ट प्रतिसाद. नांगीचा मुद्दा खरोखर वजनदार आहे. पूर्ण सिद्धता म्हणता येणार नाही, पण अशाच तपशिलांनी जुनी साक्ष तोलतात.


खमंगफोडणी

मी घरी हे रोल नेहमी करते, त्यामुळे उलट्या वळणीबद्दल हाताच्या अनुभवावरून लिहिते.

नोरी बाहेर असलेला रोल वळल्या वळल्या खाल्ला तर कुरकुरीत लागतो. काउंटरवर आचाऱ्याच्या हातातून घेऊन खाणाऱ्या जपानी माणसाला तो तसाच मिळतो. पण थाळी टेबलावर आली, माणसं गप्पा मारत बसली, की भाताच्या ओलाव्याने नोरी चिवट होते, दाताला तुटत नाही, आख्खा तुकडा ओढून बाहेर येतो. सवय नसलेला माणूस मग ती सोलूनच काढणार! लॉस एंजेलिसमध्येही गिऱ्हाइकं नोरी सोलून बाजूला ठेवायची असं सांगतातच. उत्तरवारा, म्हणजे तोजोंना जी अडचण दिसली तीच तिथल्यांनाही दिसत होती.

आणि उलटा रोल वळायला फार मोठी विद्या लागत नाही हो. बांबूच्या चटईला प्लॅस्टिकची फिल्म गुंडाळायची, नाहीतर भात काड्यांत अडकून बसतो. नोरीचा अर्धा पापुद्रा खरखरीत बाजू वर करून ठेवायचा. व्हिनेगर घातलेल्या पाण्यात बोटं बुडवून भात पसरायचा, दाबायचा नाही, शितं मोडतात. तीळ भुरभुरायचे आणि सगळंच उलटं करायचं, नोरी वर. मग काठाला सारण ठेवून चटईने गुंडाळायचं. कापताना दर कापाला सुरी ओल्या फडक्याने पुसायची. ज्याचा हात साध्या रोलवर बसलाय त्याला ही उलटापालट एका दुपारी सुचू शकते. म्हणून मला वाटतं दोन शहरांत दोन आचाऱ्यांनी स्वतंत्रपणे केलं असणं अगदी शक्य आहे. तोजो खोटं बोलतात असं म्हणायची काहीच गरज नाही.

(जपानी तांदूळ महाग पडतो म्हणणाऱ्यांसाठी: इंद्रायणी वापरा. छान चिकट होतो. फक्त पाणी बेताचं घाला आणि व्हिनेगर-साखर-मिठाचं मिश्रण भात गरम असतानाच कालवा. पिकलेला पण घट्ट अवोकाडो हवा, मऊ झाला की वळताना बाहेर येतो.)


साधाभात

@खमंगफोडणी, नोरीचं निरीक्षण तंतोतंत. जपानमध्येसुद्धा दुकानात मिळणाऱ्या भाताच्या त्रिकोणांना नोरी वेगळ्या प्लॅस्टिकच्या थरात देतात, खायच्या वेळी लावायची. म्हणजे ओल्या नोरीचा कंटाळा तिथल्यांनाही आहे. माझ्या आवडीनिवडीत फरक पडलेला नाही, पण उलट्या वळणीमागे कारण आहे हे मान्य.

आणि निवळशंख, तोरोबद्दलचं वाचून मागचा प्रतिसाद मी इतक्या जोरात लिहायला नको होता असं वाटलं. माझा आक्षेप मेयोनेझपुरता ठेवा.


उत्तरवारा

खमंगफोडणींनी मांडलेली शक्यता मला पटते. तोजोंना श्रेय मिळावं इतकंच माझं म्हणणं, माशितांकडून काढून घ्यावं असं नाही.

पण एक प्रश्न निवळशंखना. नावाचं काय? रोल लॉस एंजेलिसमध्ये जन्मला असेल तर तिथलेच लोक त्याला 'कॅलिफोर्निया' का म्हणतील? मुंबईत कुणी 'मुंबई' वडापाव म्हणून हाक मारत नाही. बाहेरगावी म्हणतात. नाव बाहेरून पडलंय असं वाटत नाही का?


निवळशंख

@उत्तरवारा, प्रश्न चांगला आहे आणि मी यावर बराच विचार केलाय. दोन गोष्टी सांगते.

एक, लिटल टोकियोतल्या त्या काउंटरवर बसणारं सुरुवातीचं गिऱ्हाईक जपानहून आलेलं होतं. त्यांच्या दृष्टीने कॅलिफोर्निया परमुलूखच. अवोकाडो हे तिथलं फळ, जपानच्या स्वयंपाकात त्याला जागा नव्हती. आजचा प्रसिद्ध हॅस अवोकाडोसुद्धा लॉस एंजेलिसच्या जवळच, ला हाब्रा हाइट्समध्ये, रुडॉल्फ हॅस नावाच्या टपालवाल्याच्या बागेत निपजला, १९३५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं गेलं. तेव्हा जपानी माणसाने अवोकाडोच्या रोलला कॅलिफोर्नियाचं नाव देणं स्वाभाविक आहे.

दुसरं, नावाचे सुरुवातीचे छापील उल्लेख १९७९ चे, आणि त्यातला एक लॉस एंजेलिसचाच. त्यावेळी सुशी लिटल टोकियोच्या बाहेर पडलेली होती. १९७० च्या सुमारास ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सच्या स्टुडिओजवळ ओशो नावाचा सुशी बार निघाला आणि सिनेमावाले तिथे जाऊ लागले. तिथून पुढे गोरं गिऱ्हाईक वाढत गेलं. त्या मंडळींना मेन्यूवर ओळखीचं इंग्रजी नाव हवंच होतं.

त्यामुळे हिशेबनीसांच्या तीन प्रश्नांना माझी तीन उत्तरं अशी: सारण माशिता आणि इमाइझुमींचं, दोघांचंही नाव घेऊन. उलटी वळणी तोजोंनी आपल्या काउंटरवर स्वतः शोधली हे मी मानते, लॉस एंजेलिसमध्येही ती वेगळी सुचली असणार. आणि नाव लॉस एंजेलिसचं. सेउसांना मी दावेदारांच्या यादीत ठेवते, कारण छापील कागद त्यांच्या बाजूने आहे आणि तो कुणी फाडू शकत नाही.


हिशेबनीस

या मांडणीला अनुमोदन. सारणाबद्दल माझा कौलही तोक्यो काइकानलाच.

निकाल पक्का करायचा तर आता एकाच प्रकारचा कागद कामाचा आहे: १९७९ आधीचं मेन्यूकार्ड किंवा जाहिरात. लॉस एंजेलिसमध्ये 'राफू शिंपो' हे जपानी लोकांचं वर्तमानपत्र १९०३ मध्ये सुरू झालं, आणि लिटल टोकियोतली रेस्टॉरंटं त्यात जाहिराती देत. जाहिरातीत पदार्थांची नावं आली असण्याची शक्यता चांगली आहे. तिथे राहणाऱ्या कुणाला जपानी वाचता येत असेल तर १९६० च्या दशकापासूनचे अंक चाळण्यासारखे आहेत. लिटल टोकियोतच जपानी-अमेरिकन संग्रहालय आहे, तिथे जुनी मेन्यूकार्डं विचारता येतील.


उत्तरवारा

व्हँकुव्हरच्या बाजूने मी बघतो. इथल्या सार्वजनिक वाचनालयात जुनी वर्तमानपत्रं मायक्रोफिल्मवर आहेत. १९७० च्या दशकातली रेस्टॉरंटांची परीक्षणं काढतो आणि इथेच टाकतो. साधाभात, तुम्हाला जपानी वाचता येतं ना? 'राफू शिंपो'चं काम तुमच्याकडे.


साधाभात

येतं. घेतलं. 'काशू रोल' असाही उल्लेख असू शकतो, 'काशू' म्हणजे जुन्या जपानी लिखाणातलं कॅलिफोर्निया, तेव्हा दोन्ही नावांनी शोधतो.